दत्त्यास पत्र : हळद, भोपळा आणि गंधार

प्रिय दत्त्या,

परवा फोनवर तू म्हणालास की बाळ्या तू आता पार रिकामटेकडा झालायस, दुपारी दुकानाचं शटर ओढतोस आणि मिरजेला जाऊन तानपुऱ्याचे भोपळे बघत बसतोस, त्यापेक्षा मोबाईलवर सर्च मारलं असतंस तर दोन मिनिटात सगळं कळलं असतं. तुझ्या वहिनीचंही हेच मत आहे, फक्त ती जरा जास्त मोठ्या आवाजात सांगते. तेव्हा झेरॉक्सला गर्दी झाली म्हणून फोन ठेवला पण मनातून ते जाईना, म्हणून हे लिहायला घेतलंय. लांब होणार आहे. बेंगलोरच्या ट्रॅफिकमध्ये वाच नाहीतर मीटिंगमध्ये, चालेल मला.

तर हे सगळं सुरू झालं भाचीच्या हळदीतून. पांढरा शर्ट, त्यावर पोरांनी हळद फासली, घरी येऊन हिनं साबण लावला तर डाग लालभडक. हे आपण सगळ्यांनी शंभरदा बघितलंय, तुझ्या आईनं तर आपल्याला ह्यावरून बडवलंय पण. पण ह्यावेळी शेजारच्या काकू कुंपणावरनं म्हणाल्या, "लाल होणारच की रे, कुंकू कशाचं करत्यात मग?" आणि मी तिथंच उभा. पन्नाशी आली मर्दा, घरात रोज कुंकू बघतोय आणि ते हळदीचं असतं हे डोक्यातच नाही. काकूंच्या माहेरी कुंकू करायचे, त्यांनी सांगितलं की हळकुंडं, लिंबाचा रस, टाकणखार, पापडखार, सावलीत वाळवायचं, मग कुटायचं आणि शेवटी तेलाचा हात.

मग रात्री मोबाईल काढलाच, नाही असं नाही. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कर्क्युमिन, साबण किंवा चुन्यासारखं अल्कली लागलं की ते लाल होतं, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. शाळेत लिटमस पेपरसाठी सर कपाटाची किल्ली शोधत बसायचे आणि स्वयंपाकघरात हा डबा भरलेला होता बघ. पण कुंकवाची भानगड वेगळी आहे, टाकणखारात बोरॉन असतो, तो आणि आम्ल एकत्र आले की कर्क्युमिन वेगळाच लाल रंग धरतं, आणि केमिस्ट लोक ह्याच गोष्टीवर बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरत आलेत. म्हणजे काकूंच्या आजीनं लिंबू आणि टाकणखार मुद्दामच घातला होता, तिला बोरॉन हा शब्द माहीत नव्हता एवढंच. कर्क्युमिन पहिल्यांदा वेगळं काढलं १८१५ ला, आणि त्याची रचना काय ते पोलंडच्या केमिस्टांनी सांगितलं १९१० ला. हे १९१० लक्षात ठेव, पुढं लागणारे. (आणि शर्ट तसाच उन्हात टाक, पिवळा डाग उन्हानं उडतो, कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. हे तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली माझ्या आजीला पण माहीत होतं.)

आता सांगलीत राहून हळदीचा विषय निघाला की माणूस मार्केट यार्डात जाणारच. सौद्याच्या दिवशी गेलो, राजापुरी हळदीचे ढीग, नाकातोंडात पिवळी धूळ, एकजण हळकुंड कटकन मोडून आतला रंग बघतोय आणि भाव फुटतोय. तिथं एका अडत्यानं हरिपूरच्या पेवांचं काढलं. आपण हरिपूरला संगमेश्वराला किती गेलोय, कृष्णा-वारणेच्या संगमावर बसून भेळ खाल्लीय, पण पायाखाली हळद भरलेली पेवं आहेत ह्याचा विचार कधी केला होता का सांग. तिथल्या मातीत खोल खड्डा घ्यायचा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. खाली-बाजूला पाला-काडाचा थर, मग हळद, मग वरनं तोंड मातीनं बंद. वर्षानुवर्षं हळद टिकते, कीड नाही, रंग उतरत नाही. ना वीज, ना मशीन.

का टिकते हे मला कळलं ते कंदिलामुळे. पेवात काम केलेला एक म्हातारा हमाल भेटला हरिपूरात, नाव नाही लिहीत त्याला आवडायचं नाही. तो म्हणाला पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, काही तास तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून सोडायचा, विझला की थांबायचं, जळत राहिला तरच माणूस उतरणार. का, तर आत "वायू" असतो. आता जोडून बघ, आत कोंडलेली हळद, किडे, बुरशी सगळी मिळून ऑक्सिजन खाऊन टाकतात, कार्बन डायऑक्साइड साठतो, तो हवेपेक्षा जड त्यामुळं तळाला बसतो, मग किड्यांनाच जगता येत नाही. जे किड्याला मारतं तेच निष्काळजी माणसालाही मारतं, म्हणून कंदील. आज विदेशात धान्याला हवाबंद पिशव्या विकतात त्याचं तत्त्व हेच. २००५ च्या पुरात पाणी शिरून खूप पेवं गेली, आता हळद जास्त करून कोल्ड स्टोरेजला असते, त्यामुळं कंदील सोडणारी माणसं पण कमी होत चालली. मला ह्याचं वाईट वाटतं पण म्हाताऱ्याला नाही वाटत, तो म्हणाला कोल्ड स्टोरेजमध्ये कुणी गुदमरत नाही साहेब.

आणि इथंच तुझा सर्चचा मुद्दा माझ्यासाठी संपतो. ह्या बाबाला मी पेवाचं विचारत होतो, तो मधेच म्हणाला, रिकाम्या पेवात उतरून अभंग म्हटला की आवाज असा घुमतो की तानपुऱ्याच्या भोपळ्यात बसल्यासारखं वाटतं. भजनी मंडळात वीणा असते त्याच्याकडं, मिरजेहून दुरुस्त करून आणलेली. आता हळदीची पेवं म्हणून सर्च मारलं असतं तर मला भोपळा मिळाला असता का? मोबाईल विचारलं तेवढंच देतो, माणूस न विचारलेलं हातात ठेवतो आणि आपण पुढच्या दाराशी जातो. तू ह्याला टाइमपास म्हण.

तर मिरज. सतारमेकर गल्लीत तू कधी गेला नाहीस हे मला माहितीय, तू कायम स्टेशन ते दवाखाना ते स्टेशन. त्या गल्लीत दाराबाहेर भोपळे टांगलेले असतात, आत तुणाच्या लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ही परंपरा, त्यांचं घराणं शिकलगारांचं, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे, राजेशाहीतली हत्यारं मागं पडली आणि हात वाद्यांकडं वळले. २०२४ ला मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूरकडून, आणि मर्दा तो भोपळा म्हणजे आपला दुधीच, जात तीच, फक्त कडू आणि साल जाड. मला हे कळल्यावर मी दोन रात्री झोपलो नाही असं ही सांगते, तेवढं काही नव्हतं.

पण दुधीचं ऐक. मूळ आफ्रिकेतला हा वेल, आणि अमेरिकेत माणसांकडं तो दहा हजार वर्षांपूर्वी होता, कोलंबसाचा पणजोबाही जन्मला नव्हता तेव्हा. तिथं पोचला कसा ह्यावर लोक भांडत होते, मग २०१४ ला डीएनएवरून असं दिसलं की अमेरिकेतले जुने भोपळे आफ्रिकेतल्यांच्या जवळचे आहेत, म्हणजे बहुतेक समुद्रातनं तरंगतच गेले. वाळलेला भोपळा महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहिला तरी आतलं बी रुजतं. आणखी एक, दुधीचं फूल पांढरं आणि उघडतं दिवस मावळताना. काकूंच्या कुंपणावर वेल आहेच, तिथं मी खुर्ची टाकून बसलो, बॅटरीवर लाल जिलेटिन लावून. आधी काही नाही, डास फक्त. मग अंधार पडल्यावर एक मोठा पतंग आला, हॉकमॉथ म्हणतात त्याला, फुलावर बसत नाही, हवेत जागच्या जागी थरथरत उभा राहतो आणि लांब सोंड आत घालतो, पंखांचा भर्रर्र आवाज स्पष्ट ऐकू येतो. दोनेक सेकंद, पुढचं फूल. काकू म्हणाल्या एवढी वर्षं वेल लावतेय, हे गिऱ्हाईक कधी बघितलं नव्हतं.

परत गल्लीत ये. मी गेलो त्या दिवशी एक कारागीर जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढत होते. तानपुऱ्याच्या घोडीवर, म्हणजे जिच्यावरनं तारा जातात ती पट्टी, तिचा माथा सपाट दिसतो पण नसतो, अगदी किंचित उतार असतो. ते कानस फिरवायचे, तार छेडायचे, मान वाकडी करून ऐकायचे, परत दोन घासे. मग सुती दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला, इकडं केसभर, तिकडं केसभर, आणि एका जागी आल्यावर ती तार एकदम उघडली रे. आधी टण् वाजत होती, आता आत कुणीतरी बोलतंय असं. मी विचारलं कुठं थांबायचं हे कसं कळतं, म्हणाले सांगता येत नाही, ऐकू येतं. मग म्हणाले डोळे मिटा, षड्जाच्या, म्हणजे सा च्या तारेत गंधार, म्हणजे ग शोधा. आणि खरंच, गंधाराची तारच नाही त्या तानपुऱ्यात, पण गंधार ऐकू येतो! माझ्यासारख्या बेसूर माणसाला पण.

ह्याचं कारण सी. व्ही. रामन ह्यांनी १९२१ ला लिहिलंय. आपल्याला रामन म्हणजे नोबेल आणि प्रकाश एवढंच पाठ, पण नोबेल १९३० चं, त्याआधी हा माणूस तबला, मृदंग, वीणा, तानपुरा ह्यांच्या मागं लागला होता. आणि सुरुवातीची दहा वर्षं अर्थखात्यात सरकारी नोकरी करत, संध्याकाळी कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत जाऊन हे उद्योग. म्हणजे शटर ओढणारा मी पहिला नाही. तर पुस्तकी नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडली तिथं ज्या उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणाऱ्या वरच्या स्वरांची, हालचाल शून्य असते ते उपस्वर वाजायला नकोत. रामन यांनी दाखवलं की तानपुऱ्यात ते वाजतात, झकास वाजतात, कारण तार त्या वाकड्या घोडीला आणि दोऱ्याला घासत, चाटत हलते. त्यातला पाचवा उपस्वर म्हणजे गंधार. रामन यांना कानस धरता आली नसती आणि आमच्या कारागिरांना तो पेपर वाचायचा नाहीये, मला मात्र दोघांच्या मधे उभं राहायला लई बरं वाटतं.

आता तुझं ते १९१०. त्या साली बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांवर, एक इंग्रजी पुस्तक निघालं, लेखक कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आपल्याच भागातले. हा गृहस्थ तारेच्या लांब्या मोजायचा आणि समोर गायला कोण, तर किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ! खाँसाहेबांनी स्वर लावायचा, देवलांनी तार जुळवून माप घ्यायचं. कल्पना कर ती बैठक. हिशोब तसा सोपा, नव्वद सेंटीमीटरची तार मोकळी छेडली की सा, वाजणारी तार साठ राहील अशी दाबली की पंचम (प), बहात्तर राहील अशी दाबली की तो तानपुऱ्यातला गंधार. क्लेमेंट्स नावाचा एक आयसीएस, म्हणजे इंग्रज सरकारच्या सेवेतला, न्यायाधीश देवलांचं बघून एवढा पेटला की त्यानं श्रुतींची खास हार्मोनियम बनवून घेतली, १९१६ ला बडोद्याच्या संगीत परिषदेत ती आणली, आणि संगीताचे अभ्यासक भातखंडे वगैरे मंडळींना काही ती पटली नाही. माझं मत विचारशील तर बावीसच्या बावीस श्रुती अशा आकड्यात बांधता येतील असं मलाही वाटत नाही, गायक स्वर हलवतच असतो, पण एका सरकारी अधिकाऱ्यानं पेन्शनीत हे करावं ह्याचं मला फार कौतुक आहे. खाँसाहेब १९३७ ला प्रवासात, तिकडं मद्रासच्या बाजूला एका छोट्या स्टेशनावर वारले, दफन मात्र मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. तुझ्या त्या स्टेशन-दवाखाना रस्त्यापासून लांब नाही.

तर आता काम. आपल्या साध्या पेटीतला गंधार ह्या तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, कारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. मला हे कानानं ऐकायचंय, शेजारी शेजारी. कारागीर तानपुरा द्यायला तयार आहेत, त्यांच्याच दुकानात बसून. मोबाईलवर ट्यूनरचं ॲप मी घेतलंय, बघ, मी काही मोबाईलच्या विरोधात नाही. फक्त पेटी पाहिजे, आणि तुझ्या आण्णांची पेटी तू बेंगलोरला नेऊन माळ्यावर टाकलीयस हे मला वहिनीसाहेबांकडून कळलंय. दिवाळीला येताना ती घेऊन ये. भाता फाटला असेल तर असू दे, गल्लीत करून देतील. बॅगेत बसत नाही म्हणू नकोस, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाक आणि वर चादर गुंडाळ.

तुझा,
बाळ्या
विश्रामबाग, सांगली