वर्गणीतून उभा राहिलेला खेळ

संपादक महोदय,

लोकवर्गणीवरचा आपल्या पुरवणीतला लेख सिनेमे आणि दवाखान्याच्या बिलांपुरताच राहिला. लोकवर्गणीतूनच उभा राहिलेला ‘वेस्टलँड २’ हा संगणकावरचा खेळ त्यात कसा राहून गेला?

मूळ ‘वेस्टलँड’ १९८८चा. अणुयुद्धानंतरचं अमेरिकी वाळवंट, त्यात भटकणारे डेझर्ट रेंजर. फ्लॉपीवर जागा अपुरी, म्हणून पडद्यावर फक्त परिच्छेदाचा क्रमांक यायचा. मजकूर छापील पुस्तिकेत शोधायचा. आगाऊपणे पुढची पानं चाळणाऱ्यांना चकवायला तिच्यात चक्क खोटे परिच्छेद घातले होते!

दुसऱ्या भागाला प्रकाशक मिळेना, तेव्हा मूळ खेळाचे एक कर्ते ब्रायन फार्गो यांनी २०१२मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ९ लाख डॉलर मागितले. ६१ हजारांहून जास्त लोकांनी २९ लाखांवर दिले. त्यात माझेही १५ डॉलर होते. घरच्यांनी वेड्यात काढलं. खेळ सप्टेंबर २०१४मध्ये आला, वायद्यापेक्षा बराच उशिरा. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण काम कुठवर आलंय ते फार्गो अधूनमधून कळवत होते. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीचा हिशेब विचारायचीही चोरी!

मात्र अशा वर्गणीदाराला खेळाची प्रत मिळते, नफ्यात वाटा नाही. लेखात ‘गुंतवणूक’ म्हटलंय, ते तेवढं दुरुस्त करावं.

– एक वाचक, डोंबिवली