सिस्टर, तुम्ही खुर्चीतून उठलात

आदरणीय सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. आभार मात्र चारचौघांतच मानणार आहे.

टाइप वन मधुमेह घेऊन मी साठीला आले. लहानपणी काचेची सिरिंज उकळायची, परीक्षानळीत बेनेडिक्टच्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून तापवायचे आणि रंग निळाच राहतो की विटकरी होतो ते बघत बसायचं. "हिचं पुढे कसं व्हायचं," असं मोठी माणसं माझ्यादेखत म्हणायची. मग ग्लुकोमीटर आला, इन्सुलिनचं पेन आलं. साखर काटेकोर सांभाळली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा पुष्कळ वाचतात, हे 1993 मध्ये डीसीसीटी या टाइप वनवरच्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं. साधनं बदलली, मला बसणारी बोलणी काही बदलली नाहीत.

अलीकडे तर शुगरचा काही भरवसाच उरला नव्हता. तोच डोस, तेच जेवण, तरी सकाळी 280 आणि संध्याकाळी 55, घामाने चिंब. मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांनी माझी वही चाळली, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहिलं आणि निकाल दिला: "चोरून गोड खाताय." एकाने तर "एवढ्या वर्षांत अजून कळलं नाही?" असंही सुनावलं. डोस वाढवला, पुढचा पेशंट आत.

तुम्ही वही मिटून बाजूला ठेवलीत. उठलात, तळवे चोळून गरम केलेत (हे कोण करतं हो?), बेंबीच्या दोन्ही बाजू बोटांनी हळूहळू चाचपल्यात. मग माझाच हात धरून तिथे टेकवलात. त्वचेखाली रबरासारखी गाठ! "पुन्हा पुन्हा इथेच टोचून ही झालीय. इन्सुलिन इथे अडकतं. कधी उशिरा लागू पडतं, कधी नको तेव्हा. इथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून सगळ्यांचाच हात इकडे वळतो." आणि वर, "तुम्ही गोड खाता असं मला वाटत नाही."

त्या एका वाक्याला मी तिथेच रडले. तुम्ही मान वळवून कपाटात काहीतरी शोधत राहिलात, त्याचेही आभार.

1922 च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं, तिथून आमची जमात जगायला लागली. ज्यांनी ते शोधलं त्यांनी पेटंट नाममात्र किमतीला विद्यापीठाला देऊन टाकलं. ती माणसं थोरच. पण औषध मिळाल्यावर पुढची सगळी वर्षं काढायची असतात, आणि ती काढताना समोरच्याने आपल्यावर विश्वास ठेवणं फार लागतं. फुकट असून ते इतकं दुर्मीळ का, देव जाणे.

नव्या जागी टोचताना डोस कमी लागेल हे तुम्ही आधीच डॉक्टरांच्या कानावर घातलंत, म्हणून निभावलं. बराच उतरलाय तो. डावीकडची गाठ मऊ पडलीय, उजवीकडची हट्टी आहे. पुढच्या तपासणीला येते, तेव्हा चाचपून बघा.

तुमची,
एक जुनी टाइप वन