दृष्टिहीन विद्यार्थ्यांना ऐकता येतील अशा फायली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळा-महाविद्यालयांत नोट्स, स्वाध्याय, सराव प्रश्नपत्रिका आता पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपवर येतात. दृष्टिहीन विद्यार्थी त्या मोबाइलवर टॉकबॅकने किंवा संगणकावर एनव्हीडीएने ऐकतात. दोन्ही मोफत आहेत. अडचण फायलींची आहे. हे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे प्रोग्राम, फाइलच्या पोटात साठलेली अक्षरेच वाचतात आणि अनेक मराठी फायलींत ती नसतातच.

कृतिदेव फाँटमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना मराठीच दिसतो. आत मात्र ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे असतात आणि स्क्रीन रीडर तीच बोलतो. इतिहासाचा अख्खा धडा मुलाला असा ऐकावा लागतो.

शिक्षकांनी फाइल पाठवण्याआधी अर्धा मिनिट द्यावा. सगळा मजकूर निवडून कॉपी करावा, नोटपॅडमध्ये पेस्ट करावा. काहीच निवडले गेले नाही तर ती पाने म्हणजे नुसते फोटो. इंग्रजी अक्षरांची खिचडी उतरली तर फाँट कृतिदेवसारखा जुना. मराठी उतरले, पण वेलांट्या सरकल्या, जोडाक्षरे फुटली, तर मजकूर युनिकोडमध्ये (मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत) असूनही पीडीएफ होताना मोडला. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार दिसतात त्या क्रमाने मांडलेले असतात, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. म्हणून पीडीएफसोबत मूळ युनिकोड वर्ड फाइलही पाठवावी.

फोटोंची पाने गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर मिळतो. तो तसाच पुढे ढकलू नये. घ-ध, भ-म यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात. जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार आणि अर्धी अक्षरे तपासावीत.

वर्डमध्ये शीर्षक नुसते ठळक करून भागत नाही, त्याला ‘हेडिंग’ शैली द्यावी लागते. मग एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये (वाचनाच्या पद्धतीत) ‘एच’ ही कळ दाबत विद्यार्थी एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जातो. नाहीतर चाळीस पाने पहिल्या ओळीपासून ऐकत बसा. पीडीएफ ‘सेव्ह ॲज’मधून करावी, ‘प्रिंट टू पीडीएफ’ने ही सगळी रचना पुसली जाते.

आकृतीच्या पर्यायी मजकुरात, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात, ‘आकृती ३’ एवढेच लिहिणे निरुपयोगी. ‘बहिर्वक्र भिंगासमोर नाभीय अंतराच्या दुपटीपलीकडे वस्तू, दुसऱ्या बाजूला नाभी आणि दुप्पट नाभीय अंतर यांच्यामध्ये लहान, उलटी, वास्तव प्रतिमा’ असे हवे. प्रश्नपत्रिकेत मात्र वस्तूची जागाच सांगावी, प्रतिमेचे वर्णन दिले तर उत्तरच फुटते. ही चूक वारंवार होते. अंशतः दृष्टी असलेल्या मुलांसाठी पांढऱ्यावर फिकट करडी किंवा पिवळी अक्षरे टाळावीत. कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओला बोलणे लिहून दाखवणारे मथळे (कॅप्शन) लागतात, आणि आपोआप उमटणारे मराठी मथळे एकदा वाचून दुरुस्त करावे लागतात.

कॉपीराइटची भीती अनेकदा पुढे केली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींसाठी विनानफा सुलभ, म्हणजे त्यांना वापरता येईल अशी, प्रत करायला परवानगी लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चे कलम १७ तर लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व शैक्षणिक साहित्य मोफत देण्याची जबाबदारी शासन आणि स्थानिक संस्थांवर टाकते.

पुस्तक छापायला जाते तेव्हा डीटीपीची (संगणकावरील अक्षरजुळणीची) मूळ फाइल प्रकाशकाकडे असतेच. तिची युनिकोड वर्ड किंवा ईपब (ई-पुस्तक) प्रत पुस्तकासोबतच निघावी, ही आमची मागणी. जूनमध्ये मागणी करून पान-पान स्कॅन करत बसले, की पुस्तक हाती येईपर्यंत पहिली घटक चाचणी होऊन गेलेली असते.

आपले,
दृष्टिहीन विद्यार्थ्यांचे संगणक प्रशिक्षक, पुणे