हायकूला अक्षरांचा जाच नको

रविवारच्या पुरवणीत जाहीर झालेल्या हायकू या तीन ओळींच्या जपानी कवितेच्या शालेय स्पर्धेतील ‘५-७-५ अक्षरे नसल्यास प्रवेशिका बाद’ (म्हणजे ओळींत अनुक्रमे ५, ७ आणि ५ अक्षरे हवीतच) ही अट वाचली आणि ती खटकली. जपानमध्ये थोर कवी बाशोच्या काळी, म्हणजे १७व्या शतकात, कवींच्या बैठकीत एकाने तीन ओळी म्हणायच्या आणि दुसऱ्याने त्यांना दोन ओळी जोडायच्या, असा खेळ रंगत असे. त्या साखळीची पहिली कडी पुढे स्वतंत्र झाली, तीच हायकू. तिथली मोजणी ध्वनिमात्रांची, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या वेळाच्या छोट्या एककांची आहे, आपल्या अक्षरांची नव्हे. शिवाय मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांनीही तीन ओळींचा बंध राखला, पण १७ अक्षरांचा हट्ट धरला नाही. ‘दादरचा पूल / मिटलेल्या छत्रीवरून / मुंगी उतरते आहे’ असे एखाद्या मुलीने लिहून पाठवले, तर परीक्षक ती मुंगी पाहणार की बोटांवर अक्षरे मोजत बसणार? स्पर्धा घ्यायचीच असेल (आणि ती जरूर घ्यावी), तर मुलांच्या जोड्या लावून एकाच्या तीन ओळींना दुसऱ्याने दोन ओळी जोडण्याची एक फेरी ठेवावी. पावसात रखडलेल्या लोकलच्या डब्यातही ती खेळता येते.

– एक वाचक, गिरगाव, मुंबई