स्थानक कुठे, हे आधी कळू द्या

महोदय,

मुंबई–नागपूर अतिजलद रेल्वेचा विषय निघाला की वाचकांच्या पत्रांत दोन मागण्या हमखास दिसतात. मार्ग आमच्या तालुक्यातून न्यावा, ही पहिली. आणि समृद्धी महामार्गाची जागा आयती असताना त्याच्याच कडेने रूळ टाकून मोकळे व्हावे, ही दुसरी. माझी उभी नोकरी भूमि अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून, बांधावर आणि नकाशावर गेली. त्या सवयीने म्हणतो की, या दोन्ही मागण्यांत रूळ वळतो कसा याचा विचार झालेला नाही, आणि मराठवाड्याने जो प्रश्न विचारायला हवा तो मात्र कोणी विचारत नाही.

वळणाचा हिशेब असा, की वेग दुप्पट झाला तर त्रिज्या चौपट करावी लागते. जपानने १९६४ साली तोक्यो–ओसाका मार्ग सुरू केला तेव्हा गाडीचा वेग ताशी २१० किलोमीटर होता आणि अडीच किलोमीटर त्रिज्येचे वळण चालून गेले; आज ताशी ३५० किलोमीटरचा आराखडा करायचा तर सहा-सात किलोमीटर त्रिज्या धरावी लागते. सात किलोमीटर त्रिज्येवर गाडी काटकोनात वळवायची म्हटले, तर नुसते वळणच अकरा किलोमीटरांचे होते. म्हणजे जालन्यापाशी तसे वळायचे झाल्यास शहराच्या सात किलोमीटर अलीकडेच सुरुवात करावी लागेल, आणि त्या कमानीत ज्या वस्त्या, विहिरी, मोसंबीच्या बागा सापडतील त्या चुकवायला मध्येच उलटे वळण घेता येणार नाही. एका तालुक्याच्या समाधानासाठी रेघ जराशी वाकवा म्हणणे सोपे आहे; ही रेघ जराशी वाकतच नाही.

महामार्गाच्या कडेने जाण्यात शहाणपण आहे, हे मी नाकारत नाही, कारण तिथे शेताचा एकदा तुकडा पडलेलाच असतो. पण समृद्धीची आखणी सपाट भागात ताशी १५० किलोमीटर वेगासाठी झाली आहे. रस्ता टेकडीला वळसा घालतो, इंटरचेंजच्या ठिकाणी पसरतो. रुळांना ती मुभा नाही. अशा ठिकाणी रूळ महामार्ग सोडून बाहेर पडतील आणि काही अंतराने परत येऊन मिळतील, आणि मधली जमीन दोहोंच्या कात्रीत राहील. शेताचा गट तिरका कापला गेला की एका अंगाला त्रिकोणी तुकडा उरतो. कागदावर त्याचे क्षेत्र दहा-पंधरा गुंठे भरते, पण त्याच्या टोकाशी ना बैलजोडी वळते ना ट्रॅक्टर. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात अशा तुटलेल्या जमिनीच्या नुकसानभरपाईची तरतूद आहे, मात्र ती मागण्यासाठी रेघ आपल्या गटातून कशी जाते हे शेतकऱ्याला वेळेवर कळावे लागते. विमानातून लेसर किरण सोडून केलेल्या लिडार पाहणीत जमिनीचे चढउतार, घरे, झाडे अचूक टिपली जातात. मातीखालची पाइपलाइन आणि शेतावर जायची वहिवाटीची वाट तिला दिसत नाही.

चढाचे रुळांना इतके वावडे नाही. १९८१ साली सुरू झालेल्या पॅरिस–लियाँ मार्गावर मालगाड्या धावणारच नव्हत्या, म्हणून हजार मीटरला ३५ मीटरांपर्यंत चढ ठेवला गेला आणि तो नवा मार्ग एकही बोगदा न खणता झाला. आपल्याकडे अडचण मातीची आहे. काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. सरळ रोवलेले हद्दीचे दगड काही वर्षांत कललेले मी किती वेळा पाहिले आहेत. अशा जमिनीवर नुसत्या भरावाच्या भरवशावर रुळांची मिलिमीटरची पातळी राखणे अवघड, त्यापेक्षा खांब खालच्या बेसाल्टपर्यंत नेऊन वरून पूल नेणे बरे. मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या ५०८ किलोमीटरांपैकी बहुतेक भाग पुलावरच आहे. खर्च वाढतो, हे खरे. पण पुलाखालून ओढा, बैलगाडी आणि पाइपलाइन जाते, तर भराव गाव दुभंगतो.

आता स्थानकाविषयी. एका थांब्यापायी वेग उतरवणे, थांबणे व पुन्हा वेग घेणे यात पाच-सहा मिनिटे जातात, म्हणून स्थानके मोजकी असतात आणि सरळ रेघेच्या व स्वस्त जमिनीच्या मोहाने ती शहराबाहेर पडतात. उत्तर फ्रान्समध्ये आमियाँ शहराची मागणी डावलून मार्ग महामार्गाच्या कडेने नेला, आणि १९९४ साली दोन शहरांच्या मधोमध, शेतात एक स्थानक उघडले. जुन्या रेल्वेशी त्याचा सांधा नव्हता. लोक त्याला आजही बीटरूटचे स्थानक म्हणतात. तरी फ्रान्सचे एक बरे आहे. तिथे जुन्या आणि नव्या रुळांची रुंदी एकच असल्याने अतिजलद गाडी जुन्या मार्गाने शहराच्या मध्यापर्यंत जाऊ शकते. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांची आणि अतिजलद मार्ग १४३५ मिलिमीटरांचा, त्यामुळे आपल्याकडे गाडी बदलणे अटळ आहे.

प्रस्तावात छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही नावे आहेत. परभणी, हिंगोली, नांदेडचा प्रवासी तिथपर्यंत येणार तो सध्याच्या रेल्वेने, आणि मनमाड–परभणी मार्ग अजून बहुतांशी एकेरी आहे. (बीडला तर रेल्वेच पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी!) मागे परभणीहून येताना आमची गाडी एका लहानशा स्थानकात क्रॉसिंगसाठी पाऊण तास उभी होती, समोरची गाडी धडधडत निघून गेल्यावरही सिग्नल पडेना, आणि फलाटावर चहाची टपरीसुद्धा नव्हती. असा आलेला माणूस जुन्या फलाटावर उतरून पुढे दहा-पंधरा किलोमीटर रिक्षाने नव्या स्थानकाकडे जाणार असेल, तर वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडेल. म्हणून नवे स्थानक जुन्या स्थानकाला चालत जाता येईल इतके जवळ असावे, त्यासाठी मार्ग थोडा लांबला आणि जमीन महाग पडली तरी चालेल, असे माझे मत आहे.

निदान एवढे व्हावे, की तपासलेले सर्व पर्याय, त्यांतले सोडून दिलेलेही, भूसंपादनाची पहिली नोटीस निघण्यापूर्वी गट क्रमांकांसह मराठीत प्रत्येक तहसील कार्यालयात लावले जावेत, आणि प्रत्येकापुढे जुन्या स्थानकापासूनचे अंतर लिहिलेले असावे. हे नकाशे सर्वांना वाचता येत नाहीत. आमच्या तहसीलच्या व्हरांड्यात बसून ते वाचून दाखवायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, जालना