जिममधील प्रशिक्षकाचे वेतन आणि सभासदाचे आरोग्य

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जिमच्या शुल्कावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सलून, योगवर्ग आणि जिम यांना एकाच गटात धरून हा निर्णय झाला असला, तरी मी त्याचे मनापासून स्वागत केले. कारण शरीर धडधाकट ठेवण्यासाठी केलेला खर्च ही चैन नव्हे, हे निदान करापुरते तरी मान्य झाले. मात्र ज्या जिममध्ये लोकांनी जावे असे आपल्याला वाटते, तिथे शिकवणारा माणूस कोण असावा, त्याने काय शिकलेले असावे आणि त्याची कमाई कशावर अवलंबून असावी, याचा विचार अजून झालेला नाही. औषधाच्या दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट असावा लागतो. पन्नाशीच्या, रक्तदाब असलेल्या माणसाच्या खांद्यावर वजनाचा बार ठेवणाऱ्याला मात्र कुठलीही नोंदणी लागत नाही. मी पुण्यात अनेक वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आहे आणि निवृत्तीनंतर, हाडांची घनता कमी झाल्याचे निदान झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतः जिममध्ये जाऊ लागले. या दोन्ही बाजूंनी जे दिसले, त्यावरून हे पत्र लिहीत आहे.

शहरांतील बहुतेक जिममध्ये शिकवण्याचे दोन प्रकार असतात. शुल्क भरणाऱ्या प्रत्येक सभासदासाठी ‘फ्लोअर ट्रेनर’ असतो, म्हणजे तो यंत्रांमधून फिरत असतो आणि कुणी विचारले तर सांगतो. ‘पर्सनल ट्रेनिंग’, ज्याला तिथे सगळे नुसते ‘पीटी’ म्हणतात, त्यासाठी वेगळे आणि बरेच जास्त पैसे मोजावे लागतात. ही दोन्ही कामे करणारा मुलगा बहुधा एकच असतो. माझे ज्या प्रशिक्षकांशी बोलणे झाले, त्यांच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. ठरलेला पगार तुटपुंजा, पीटीच्या शुल्कातला काही वाटा हातात पडतो तेव्हाच घर चालते, आणि दर महिन्याला नवे पीटी सभासद आणण्याचे लक्ष्य डोक्यावर असते. आता याच मुलाच्या समोर एखादा नवा सभासद पाठीला बाक आणून डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलण्याचा व्यायाम, करत असेल, तर त्याने काय करावे? तिथल्या तिथे नीट शिकवले, तर तो सभासद पीटी कशाला घेईल, हा प्रश्न त्याच्या पोटाशी निगडित आहे. तो दुर्लक्ष करतो, तेव्हा दोष त्याच्या एकट्याच्या स्वभावाचा नसतो. त्याचा पगार ज्या रीतीने ठरवला आहे, ती रीतच त्याला गप्प राहायला शिकवते. जिममधल्या बहुतेक तक्रारींचे मूळ मला इथे दिसते.

पीटी घेऊच नये, असे माझे म्हणणे मुळीच नाही. चांगला प्रशिक्षक काय करू शकतो, हे मी अनुभवले आहे आणि म्हणूनच तो सगळ्यांना मिळावा असे वाटते. मला शिकवणाऱ्या मुलीने पहिल्या भेटीत वजनांना हातच लावू दिला नाही. रक्तदाब, मधुमेह, जुन्या दुखापती, चालू औषधे, छातीत दुखणे किंवा चक्कर येणे, घरात कमी वयात कुणाला हृदयविकार झाला होता का, हे सगळे तिने विचारून लिहून घेतले आणि अस्थिरोगतज्ज्ञांची चिठ्ठी पाहायला मागितली. नंतर हात न टेकता खुर्चीवरून उठता येते का, एका पायावर उभे राहता येते का, खाली वाकताना मी कंबरेच्या खुब्यातून वाकते की पाठीच्या मणक्यातून, हे तिने पाहिले. त्यासाठी एक साधी काठी तिने माझ्या पाठीला उभी लावली. डोक्याचा मागचा भाग, दोन्ही खांद्यांमधली जागा आणि माकडहाड या तीनही ठिकाणी काठी टेकलेली राहिली पाहिजे आणि तरीही वाकता आले पाहिजे. हे जमेपर्यंत वजन नाही. वजन उचलताना श्वास रोखून धरला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून जोर लावताना श्वास सोडायचा, हे तिने इतक्या वेळा सांगितले की आता ते आपोआप होते. आवृत्त्या, म्हणजे तोच व्यायाम लागोपाठ किती वेळा करायचा ती संख्या, आधी वाढवायच्या, वजन नंतर, आणि तेही थोडेसेच. वर्गात मुलांना कवायत शिकवताना मी जे पाळत आले, तेच हे शास्त्र आहे; फक्त इथे ते एकेका शरीराला बेतून घ्यावे लागते.

याउलट, फ्लोअरवर एकटे सोडलेल्या नव्या मुलाचे काय होते, ते रोज दिसते. शेजारचा जे करतो ते तो करतो, मोबाइलवर पाहिलेले करतो, आणि पहिल्याच दिवशी अंग मोडेपर्यंत करतो, कारण दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला नाही म्हणजे व्यायाम ‘लागला’ अशी समजूत आहे. नव्या व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखतात, हे खरे; पण दुखणे हे प्रगतीचे माप नाही. सवय नसताना अति केलेल्या व्यायामाने स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात उतरू शकतात, लघवी कोलासारखी गडद होते आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. असा त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठावे लागते, हे जिममध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला हवे. तसेच, सुरुवातीच्या आठवड्यांत वाढलेली ताकद ही मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंनी स्नायूंना कामाला लावायला शिकल्यामुळे असते. स्नायूंचा आकार त्यानंतर हळूहळू बदलतो. भिंतीवर ‘तीस दिवसांत कायापालट’ असा फलक लावणाऱ्या जिमने हे जाणूनबुजून लपवलेले असते, असे मी स्पष्टपणे म्हणेन. निराश झालेल्या मुलाला मग पुढची गोष्ट विकणे सोपे जाते.

ती पुढची गोष्ट म्हणजे डबा. अनेक ठिकाणी प्रशिक्षकच प्रोटीन पावडर सुचवतो, तोच आणून देतो आणि त्यावर त्याला दलाली मिळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पूरके टाळावीत, असे म्हटले आहे. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. वजनांचा व्यायाम नेमाने करणाऱ्याला याहून अधिक लागतात, हे मान्य आहे, आणि आपल्या नेहमीच्या जेवणात भात-पोळी फार व डाळ पातळ असते, हेही खरे आहे. तरी एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस आणि तेवढ्याच सोयाबीनच्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. महिन्याला काही हजारांचा डबा घेण्याआधी घरच्या ताटाकडे बघायला सांगणारा प्रशिक्षक हवा. जो डबा विकतो, त्याने आहाराचा सल्ला देऊ नये. सल्ला आणि विक्री एकाच हातात असली की सल्ल्यावर विश्वास ठेवता येत नाही.

डब्याच्या पुढचे पाऊल अधिक भयंकर आहे. मेफेन्टरमाइन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यानंतर खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ वापरतात. तेच इंजेक्शन जिममधली मुले जोर यावा म्हणून टोचून घेतात आणि ते बेकायदा विकणाऱ्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात पोलिसांनी गेल्या काही वर्षांत अनेकदा पकडले आहे. पुरुषी संप्रेरकांच्या, म्हणजे स्टेरॉइडच्या, इंजेक्शनांची कथा याहून जुनी. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते, अंडकोश आक्रसतात, शुक्रजंतू घटतात, हृदयाला जपणारे कोलेस्टेरॉल कमी होते. ज्या मुलाला बलदंड दिसायचे आहे, त्याला हे परिणाम आधी सांगितले जात नाहीत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना ही औषधे विकता येत नाहीत, हा कायदा आहेच. पण पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन पुरवठादारापर्यंत पोहोचतात, तोवर जिममधल्या मुलापर्यंत औषध पोहोचवणाऱ्या मधल्या दुव्याचे काम झालेले असते. असा दुवा ठरलेल्या प्रशिक्षकाला पुन्हा कुठल्याही जिममध्ये शिकवता येऊ नये, हे नोंदणीशिवाय कसे साधणार?

आपल्या राज्याला हे नवे नाही, म्हणून अधिक वाईट वाटते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. मल्लखांबाच्या प्रसारासाठी समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या तालमींत वस्ताद नव्या पोराला थेट कुस्तीच्या मातीत, हौद्यात, उतरवत नाही. आधी जोर-बैठका, मग अंग तयार झाले की डाव. तिथे शिकवणे हे प्रवेशाबरोबरच येते, त्याचे वेगळे दर नसतात. तालमींचे दार स्त्रियांना फार काळ बंद होते आणि तिथल्या सगळ्या समजुती आजच्या शास्त्राला पटणाऱ्या नाहीत, त्यामुळे जिम मोडून तालमी काढाव्यात असे मी म्हणणार नाही. परंतु पैसे भरून आत आलेल्या प्रत्येकाला पायाभूत शिक्षण मिळालेच पाहिजे, एवढा नियम तिथून घ्यावा.

स्त्रियांविषयी वेगळे लिहायला हवे. उत्तर प्रदेशच्या महिला आयोगाने २०२४ मध्ये असा प्रस्ताव मांडला होता की जिममध्ये पुरुषांनी स्त्रियांना प्रशिक्षण देऊ नये. हा उपाय मला पटत नाही, कारण त्याने चांगल्या प्रशिक्षकांचे दार बंद होईल आणि स्त्री प्रशिक्षक तर एका दिवसात तयार होणार नाहीत. तरी त्यामागची तक्रार खोटी नाही. व्यायाम सुधारताना हात लावावा लागतो. तो विचारून लावावा, कुठे आणि का हे सांगून लावावा, आणि नको म्हटले तर तोंडी सांगून किंवा स्वतः करून दाखवावे, हे प्रशिक्षणाचाच भाग असायला हवे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिथे नोकरी न करणाऱ्या स्त्रीलाही तक्रारीचा हक्क देतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या जिममध्ये अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि त्याहून लहान जिमविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे मला अजून एकाही जिमच्या भिंतीवर दिसलेली नाहीत.

शुल्काचा भाग थोडक्यात सांगते. वर्षाचे पैसे आधी घेऊन ‘कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाहीत’ असे छापून घेणे सर्रास चालते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अन्याय्य कराराची तरतूद आहे, १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेण्यास शुल्क नाही. जिम बंद पडली किंवा डॉक्टरांनी व्यायाम थांबवायला सांगितला, तर वाचकांनी गप्प बसू नये.

आता मागणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रत्येक प्रौढाने आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला हवा आणि पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. वजनांचा व्यायाम जर सगळ्यांसाठी असेल, तर त्याचे शिक्षण ज्यांना पीटी परवडते त्यांच्यापुरते राहू शकत नाही. म्हणून राज्याच्या क्रीडा आणि आरोग्य विभागांनी मिळून प्रशिक्षकांची नोंदणी सुरू करावी. राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीत, म्हणजे कौशल्य अभ्यासक्रमांचे स्तर ठरवणाऱ्या सरकारी रचनेत, फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आज आहेच. तो किंवा त्याच्या तोडीचे शिक्षण आणि हृदय बंद पडल्यास छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचे प्रशिक्षण, हे नोंदणीसाठी आवश्यक करावे. वर नावे घेतलेल्या जुन्या संस्थांकडे शिकवण्याचा पिढ्यांचा अनुभव आहे. त्यांना परीक्षेची जबाबदारी द्यावी. आज काम करणाऱ्या मुलांना दोन-तीन वर्षांची मुदत आणि शुल्कात सवलत द्यावी, कारण त्यांतील बहुतेकांनी हे काम आवडीने पत्करले आहे आणि रोजगार घालवून सुधारणा होणार नाही. नव्या सभासदाची आरोग्यविषयक माहिती लिहून घेणे आणि पहिल्या काही आठवड्यांत मूळ व्यायामप्रकार शिकवणे हे मूळ शुल्कातच धरावे. प्रशिक्षकाला पूरके विकण्यास मनाई करावी. आणि जिमचालकांनी फ्लोअरवरच्या कामाचा असा पगार द्यावा, की चुकीचा वाकलेला सभासद दिसल्यावर त्याच्याकडे धावून जाणे त्या मुलाला परवडेल.

आपल्या वृत्तपत्राने पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथील प्रशिक्षकांना त्यांची नावे न छापता वेतनाविषयी बोलते करावे, अशी विनंती आहे. सभासदांच्या तक्रारी छापून येतात. या मुलांचे म्हणणे मी अद्याप कुठे वाचलेले नाही.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
पुणे