नख फिरवून बघा, ताई

मिस्त्रीभाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण कोणीतरी हे तुम्हाला वाचून दाखवेलच.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. बाग पोंग्यातून पुढे सरकलेली, कोवळ्या पानांत घड दिसायला लागलेले, आणि आमच्या निफाडकडे रोज संध्याकाळी पाऊस. अशा हवेत डाऊनी हा बुरशीचा रोग काय करतो ते द्राक्षवाल्याला वेगळं सांगायला नको. पाऊस उघडला की औषध फवारायचा ब्लोअर निघालाच पाहिजे. आणि आमच्या ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टमधून, म्हणजे ब्लोअरला फिरवणाऱ्या मागच्या दांड्याकडून, तेलाची धार लागलेली. औषधाच्या दोन टाक्या मारून झाल्या की मागचा सगळा भाग तेलाने माखायचा.

ह्यांचं पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून ट्रॅक्टर मीच चालवते. तेव्हा गॅरेजलाही मीच गेले. पहिल्या मिस्त्रीने तेल अडवणारं नवं ऑइल सील ठोकलं, वरून शेलॅक फासलं आणि पैसे घेतले. चौथ्या टाकीला पुन्हा धार. परत गेले तर म्हणाला, तुम्हाला गाडी चालवता येत नसेल. दुसऱ्याने वाकूनसुद्धा पाहिलं नाही. सगळं हौसिंग उघडावं लागेल, आठ दिवस गाडी सोडा, असं सांगून वर मला विचारलं, "घरात कोणी पुरुष माणूस नाही का बोलायला?" आठ दिवसांत माझ्या बागेचं काय झालं असतं, हे त्याला विचारावंसंही वाटलं नाही.

तुम्ही आलात तेव्हा अंधार पडत आला होता. पान्याला हात लावायच्या आधी तुम्ही विचारलंत, "ताई, उभ्या गाडीतून गळतं का चालवल्यावर?" इतक्या दिवसांत हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं, गाडी तासभर चालून तापली की गळतं, सकाळी खाली ठिपकासुद्धा नसतो. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि आधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं झाकण, काढलात. औषधाची पावडर आणि माती बसून त्याचा दगड झाला होता. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला वर वाट नसली की ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझ्या लक्षात आलं की पहिल्याने दहा सीलं बदलली असती तरी धार थांबली नसती.

पण हे पत्र लिहायला बसले ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. सील काढून तुम्ही शाफ्ट फडक्याने लखलखीत पुसलात, आणि बाजूला सरकून मला जागा करून दिलीत. "ताई, इकडे या. नख फिरवून बघा." मी वाकून नख फिरवलं. गुळगुळीत लोखंडावर एका जागी ते अडकलं. डोळ्याला दिसतही नव्हती इतकी बारीक खाच. जुन्या सीलचा रबरी ओठ एकाच जागी घासून घासून पडलेली. मिनिटाला 540 फेरे, तेही इतक्या वर्षांचे! "त्याच खाचेत नवं सील बसवलं तर ते गळणारच. आपण दोन मिलिमीटर अलीकडे बसवू, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येईल." तुम्ही "आपण" म्हणालात, भाऊ. मग धाकटीलाही बोलावून तिचं नख त्या खाचेवर फिरवायला लावलंत. ती अजून सांगत फिरते.

तिथे मला रडू आलं होतं. अंधारात तुम्हाला दिसलं नसेल. गाडी माझी, बाग माझी, कर्ज माझ्या नावावर, आणि दोन्ही गॅरेजांत मला लांब उभं केलं होतं. तुम्ही मला गाडीच्या पोटात हात घालू दिलात. ह्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून कुठला मणका सरकलाय ते आम्हाला दाखवलं होतं, तेव्हा असंच वाटलं होतं. बँकेत एक मॅडम आहेत, त्या फॉर्म आपल्याकडे वळवून कुठे काय लिहिलंय ते बोटाने दाखवतात. अशी माणसं आपलं काम लपवत नाहीत. त्यांच्या हातात कौशल्य असतं आणि ते समोरच्याला दाखवताना त्यांना कमीपणा वाटत नाही. मला वाटतं, असा माणूस फसवतही नाही, कारण त्याला फसवायची गरजच पडत नाही.

तुम्ही रात्री ट्रॅक्टरखाली कोरा पुठ्ठा अंथरून गेलात. दुसऱ्या दिवशी पाच टाक्या मारल्या आणि संध्याकाळी पुन्हा तोच पुठ्ठा सरकवला. तो कोरडा राहिला. बाग वाचली. आता दर पंधरा दिवसांनी ब्रीदर मी स्वतः काढून डिझेलने धुते.

त्या रात्री घाईत तुमचा तेराचा पाना आमच्या ओट्यावर राहिला. पुसून, कापडात गुंडाळून ठेवलाय. न्यायला याल तेव्हा वहिनींना आणि मुलांनाही आणा. जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही.

तुमची,
निफाडची ताई